अंतू सुताराचे कर्णे

घाटाच्या कडेला, फणसांच्या सावलीत वसलेल्या एका गावात अंतू नावाचा एक सुतार राहत होता. तो पाट करायचा, पलंग करायचा, दारं-खिडक्या बसवायचा. पण त्याचं नाव झालं होतं ते एका वेगळ्याच वस्तूमुळे. अंतू घरातल्या स्पीकरसाठी लाकडी कर्णे करायचा.

आता लाकडी कर्णा म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. स्पीकर असतो वाटीएवढा. त्यातून निघालेला आवाज खोलीभर पोहोचेपर्यंत निम्मा विरून जातो. पण त्या वाटीपुढे धोतऱ्याच्या फुलासारखं उमलत जाणारं लाकडाचं तोंड बसवलं, की तोच आवाज भरून येतो. बोलणारा माणूस जणू समोर पाटावर येऊन बसतो. कर्ण्याचा मागचा गळा अरुंद, पुढचं तोंड रुंद, आणि मधली वाट हळूहळू उघडत गेलेली. ही वाट कुठेही अडखळता कामा नये. अंतू फणसाच्या फळ्यांचे थर एकावर एक चिकटवायचा, आतून पटाशीने कोरायचा, कानशीने घासायचा आणि शेवटी काचपेपरने इतका गुळगुळीत करायचा, की आत बोट फिरवलं तर लोण्यातून फिरवल्यासारखं वाटायचं.

खरी करामत मात्र त्यापुढची होती. कर्णा तयार झाला की अंतू तो स्पीकरला जोडायचा, रेडिओ लावायचा आणि डोळे मिटून, मान जरा कलती करून ऐकत बसायचा. मग उठून गळ्यापाशी कानशीचे दोन हात मारायचा आणि पुन्हा ऐकायचा. कधी याला एक दिवस लागायचा, कधी चार. शेवटी तो "झालं" म्हणाला, की कर्णा झाला. गावातले लोक म्हणायचे, "अंतूचे हात चांगलेच आहेत, पण कान त्याहून मोठे कारागीर आहेत." हे ऐकून ऐकून अंतूलाही पाठ झालं होतं.

अंतूने साठी ओलांडली. वय झालं की डोळ्यांसारखे कानही थकतात. पण डोळे थकले की लगेच कळतं, अक्षरं पुसट होतात. कान थकतात ते चोरपावलांनी. बारीक, टोकदार आवाज तेवढे आधी निघून जातात, आणि जाताना सांगून जात नाहीत. अंतूला बायकोची हाक ऐकू यायची, दारावरची थाप ऐकू यायची, रेडिओवरचा माणूस काय म्हणतो ते कळायचं. म्हणून आपले कान पहिल्यासारखेच आहेत, असं तो धरून चालला होता. फक्त हल्लीचे कर्णे त्याला जरा झोपाळू वाटायचे.

"लाकूडच पहिल्यासारखं राहिलं नाही," तो म्हणायचा.

मग तो झोपाळूपणा घालवायला तो गळा थोडा अरुंद ठेवायचा. गळा अरुंद राहिला की आवाजाला धार येते. पुढच्या कर्ण्याचा गळा तो आणखी जरा अरुंद ठेवायचा, त्याच्या पुढच्याचा आणखी. अंतूच्या कानाला आवाज बरा वाटेपर्यंत बाकीच्यांच्या कानात तो सुईसारखा शिरू लागला होता.

हे सगळ्यांत आधी कळलं त्याच्या बायकोला, हौसाबाईला. एकदा जेवण वाढताना ती म्हणाली, "हा नवा कर्णा जरा कर्कश वाटतोय का हो?"

अंतू ताटावरून उठला. "चाळीस वर्षं मी हे काम करतोय, आणि तू मला शिकवतेस?"

दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. हौसाबाईने पुन्हा तो विषय काढला नाही. शेजारच्या यसबा गुरवानेही एकदा सुरुवात केली होती, "अंतू, तुझा हा नवा कर्णा..." पण अंतूच्या भुवया चढलेल्या पाहून त्याने वाक्य वळवलं, "...दिसायला फार देखणा आहे बघ."

लोकांनी मग आपापले उपाय शोधले. कुणी कर्ण्याच्या तोंडावर टॉवेल टाकला, कुणी जुन्या लुगड्याची घडी आत कोंबली. अंतू कुणाच्या घरी चहाला गेला आणि त्याने विचारलं, "हे कशाला झाकलंय?" की घरचे एकमेकांकडे पाहायचे आणि म्हणायचे, "धूळ बसते हो. एवढी चांगली वस्तू!"

अंतूची छाती फुगायची. घरी येऊन तो हौसाबाईला सांगायचा, "लोक माझे कर्णे देवासारखे जपतात." हौसाबाई चुलीतलं लाकूड पुढे सारायची.

त्याच गावात मालन नावाची एक बाई शिवणकाम करायची. दिवसभर ती मशीनवर बसलेली असायची आणि सोबतीला रेडिओ लावायची. मशीनच्या घरघरीत रेडिओ बुडून जायचा, म्हणून तिने अंतूकडून एक कर्णा करून घेतला. बदल्यात ती हौसाबाईच्या वर्षभराच्या चोळ्या शिवून देणार होती.

तिसऱ्याच दिवशी मालन कर्णा कडेवर घेऊन अंतूच्या दुकानात आली.

"मामा, हा टोचतो," ती म्हणाली.

"लाकूड टोचतं? कुठं कुसळ राहिलंय का?"

"लाकूड नाही, आवाज टोचतो. बातम्या देणारी बाई 'स' म्हणाली, की कानात टाचणी जाते. दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागतं."

अंतूचा चेहरा लाल झाला. "मालन, मशीनच्या खडखडाटानं तुझे कान गेलेत."

"गेले असते तर टोचलं नसतं, मामा."

"मग कापड टाक वर. सगळं गाव झाकून ठेवतंय."

"गाव का झाकतंय, ते विचारलंत कधी?"

अंतूने हातातली पटाशी फळीवर आपटली. "ठेव तो तिथं, आणि जा."

मालनने कर्णा अलगद खाली ठेवला आणि ती निघून गेली. त्या दिवशी अंतूचं कशात लक्ष लागलं नाही. संध्याकाळी त्याने हौसाबाईला विचारलं, "मालन खोटं बोलतेय ना?"

"मला नका विचारू," हौसाबाई म्हणाली. "मी एकदा सांगून बघितलंय."

अंतूला ते झोंबलं, पण पटलं नाही. राग माणसाला लवकर पटू देत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंतूने फळ्या रचायला दुकानातला माळा मोकळा करायला घेतला. माळ्यावरच्या तुळईच्या खोबणीत चिमणीचं एक घरटं होतं. पाहुणे केव्हाच उडून गेले असतील, असं समजून अंतू घरटं काढायला हातात काठी घेऊन स्टुलावर चढला. तेवढ्यात मालन दारात आली. कर्णा तिने परत दिला होता, तरी शिवलेल्या दोन चोळ्या ती घेऊन आली होती. शब्द दिला तो दिला, असा तिचा स्वभाव.

"मामा, थांबा! पिलं आहेत!" ती ओरडली.

"रिकामं आहे ते. मी रोज इथंच बसतो. इतक्या दिवसांत एक चूं ऐकला नाही."

"चूं नाही? अहो, केवढा कालवा चाललाय त्यांचा!"

अंतूने मान उंच करून घरट्यात पाहिलं. आत चार पिलं होती. पिवळ्या कडांच्या चार चोची आ वासून वर झाल्या होत्या. इवल्याशा माना ताणून थरथरत होत्या. एवढ्यात चिमणी अळी घेऊन आली आणि सगळ्या चोची आणखी मोठ्या उघडल्या. अंतूचं तोंड त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतं. चोची उघडत होत्या, मिटत होत्या. अंतूला काहीही ऐकू येत नव्हतं.

आवाज ऐकून हौसाबाई आतून आली होती. अंतूने तिला विचारलं, "तुला ऐकू येतात?"

"आठ दिवस झाले," ती म्हणाली. "स्वयंपाकघरापर्यंत येतात."

अंतू सावकाश खाली उतरला. फळीवर बसला. काठी त्याने गुडघ्यांवर आडवी ठेवली. मालन चोळ्या हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"यसबाच्या कर्ण्यावरचं कापड," शेवटी तो म्हणाला, "धुळीसाठी नव्हतं ना?"

"नव्हतं," हौसाबाई म्हणाली.

"आणि तू मला आधीच सांगितलं होतंस."

"होय."

"मी ताटावरून उठलो होतो."

"आमटी गार झाली, एवढंच," हौसाबाई म्हणाली आणि तिने त्याच्या हातातली काठी काढून घेतली.

कसोटी तिथेच संपली असती, तर अंतूचं काम सोपं होतं. बायकोसमोर आणि मालनसमोर चूक कबूल करायला फार तर मान खाली घालावी लागते. पण त्याच दिवशी दुपारी शहरातून राजाध्यक्ष नावाचे एक गृहस्थ गाडी घेऊन यायचे होते. चार महिन्यांपूर्वी त्यांनी दोन मोठे कर्णे सांगून ठेवले होते. त्यांच्या वृद्ध आईची नजर गेली होती. उभं आयुष्य पुस्तकांत घालवलेली बाई आता दिवसभर पुस्तकांचं ध्वनिमुद्रित वाचन ऐकत बसायची. तिच्यासाठी सगळ्यांत चांगले कर्णे हवेत, म्हणून ते अंतूचं नाव ऐकून एवढ्या लांब आले होते.

कर्णे तयार होते. एकाच फणसाचे, मधासारख्या रंगाचे, नीट पॉलिश केलेले. ठरल्याप्रमाणे राजाध्यक्ष आले. मालन अजून गेली नव्हती. कोपऱ्यात बसून ती हौसाबाईच्या चोळीला हुक लावत होती. राजाध्यक्षांनी कर्ण्यांवरून हात फिरवला. अंतूने रेडिओ लावला. राजाध्यक्ष दोन मिनिटं ऐकून उद्गारले, "वा! काय खणखणीत आवाज आहे! लोक म्हणतात ते खोटं नाही. बांधा लवकर."

अंतूने गोधडी पसरली. कर्णे तिच्यावर ठेवले. सुतळी हातात घेतली. मालनने मान वर केली नाही. हौसाबाई दारात उभी होती. एक गाठ मारली असती, तर काम झालं असतं. गाडी शहराकडे गेली असती आणि अंतूचं नाव जागच्या जागी राहिलं असतं.

पण अंतूच्या डोळ्यांसमोर एक म्हातारी बाई आली. ती दिवसभर एकाच खुर्चीत बसलेली, कानात टाचण्या घेऊन. मुलाने एवढ्या हौसेने आणलेली वस्तू, म्हणून ती तक्रारही करायची नाही.

अंतूने सुतळी खाली ठेवली.

"साहेब, हे नेऊ नका."

"का बरं?"

"खणखणीत आवाज पाच मिनिटं बरा वाटतो. तुमच्या आई दिवसभर ऐकणार. या कर्ण्यांच्या आवाजात खोट आहे, साहेब. आणि ती खोट मला ऐकू येत नाही. माझे कान गेलेत. मला आज सकाळी कळलं."

एवढं बोलायला त्याला जोर लावावा लागला. सागाच्या ओंडक्यांखाली वाकूनही त्याला कधी एवढं जड गेलं नव्हतं.

राजाध्यक्ष वैतागले. "अहो, मी तुमच्या कानांचं नाव ऐकून तर आलो!"

"नाव खरं होतं. आता राहिलं नाही."

"मग हे आता नीट कोण करणार?"

अंतूने कोपऱ्याकडे पाहिलं. "ही ऐकेल. मी घासेन."

मालनच्या हातातला हुक खाली पडला. "मामा, मला सुरातलं काही कळत नाही!"

"सूर नकोच आहे मला. टोचतं की नाही, एवढंच सांग. काल सांगितलंस तसं."

मालनने चोळी बाजूला ठेवली आणि ती कर्ण्यांसमोर येऊन बसली. रेडिओवर एक माणूस हळदीच्या पिकावर पडणाऱ्या रोगाची माहिती सांगत होता. सुरुवातीला ती बिचकत बोलली. मग तिला तिचे शब्द सापडले.

"इथं आवळतोय, मामा. काखेत घट्ट झालेल्या झंपरासारखा."

अंतूने कर्णा सोडवला, गळ्यात कानस घातली, चार हात मारले आणि पुन्हा जोडला.

"आता?"

"थोडा सैल झाला. पण अजून शिवण टोचतेय."

पुन्हा चार हात. पुन्हा जोडणं.

"आता?"

"आता ढगळ झाला."

घासलेलं लाकूड परत येत नाही. अंतूने न कुरकुरता फणसाचा कागदासारखा पातळ पापुद्रा काढला, आतून चिकटवला, वाळू दिला आणि पुन्हा घासायला बसला. ज्या माणसाने बायकोचं एक वाक्य ऐकून ताट सोडलं होतं, तो आता दर दहा मिनिटांनी "आता?" म्हणून विचारत होता. त्याचं त्यालाच नवल वाटलं. विचारणं आपण समजत होतो तेवढं काही अवघड नसतं, हे त्याच्या लक्षात आलं. हौसाबाईने दोनदा चहा केला. एक कर्णा झाला. मग त्याच्या जोडीला दुसरा घेतला.

उन्हं कलली, तेव्हा मालन म्हणाली, "बस्स. आता अंगात नीट बसला."

सगळ्यांनी राजाध्यक्षांकडे पाहिलं. ते खुर्चीत, पोटावर हात ठेवून गाढ झोपले होते. हौसाबाईच्या बांगड्या वाजल्या तसे ते दचकून उठले.

"छे, छे, झोपलो नव्हतो," ते म्हणाले. मग स्वतःच हसले. थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "मिस्त्री, मघाच्या कर्ण्यातून हा माणूस नुसता ओरडला असता हो माझ्यावर. आता कसा समजावून सांगतोय."

ते कर्णे घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी अंतू पिशवीत कानस घेऊन घराबाहेर पडला. बरोबर मालन होती. पहिलं घर यसबा गुरवाचं.

"यसबा, कापड काढ."

"अरे, ते धुळीसाठी..."

"धूळ माझ्या कानात होती. काढ ते."

यसबाने टॉवेल काढला. दोघं एकमेकांकडे पाहत राहिले आणि मग एकदमच हसू लागले. यसबाच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुला सांगायचं किती दिवस मनात होतं रे," तो म्हणाला, "पण तू असा बघायचास!"

"चूक तुझी नाही," अंतू म्हणाला. "सांगणाऱ्याची वाट मीच अडवून बसलो होतो."

महिनाभरात त्याने एकोणीस कर्णे नीट केले. आपलं हसं होईल अशी त्याला भीती होती. तसं काही झालं नाही. उलट अंतू आता ऐकून घेतो, ही बातमी गावभर झाली आणि लोकांनी मनात साठवलेलं सगळं बाहेर काढलं. एकीने सांगितलं की तिचा पाट डुगडुगतो. एकाने सांगितलं की पावसाळ्यात दार अडकतं. एक म्हातारा तर तीस वर्षांपूर्वीच्या पलंगाची करकर सांगायला काठी टेकत आला. अंतूने पलंगसुद्धा नीट करून दिला.

पुढे राजाध्यक्षांच्या आईने कुणाकडून तरी लिहून घेतलेलं एक पत्र आलं. हौसाबाईने ते वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, "आवाज फार चांगला आहे, असं लिहिणार होते. पण खरं सांगू का, आवाजाकडे लक्षच जात नाही. नुसती गोष्ट ऐकू येते." अंतूने ते पत्र तिला पुन्हा एकदा वाचायला लावलं.

तेव्हापासून मालन रोज दुपारी हातातली शिलाई घेऊन अंतूच्या दुकानात येऊन बसू लागली. कर्ण्यांच्या कामात तिचा वाटा ठरला. कुणी विचारलं, "मिस्त्री, कर्णा झाला हे तुम्हाला कळतं कसं?" तर अंतू सरळ सांगायचा, "मला कळत नाही. मालनला विचारतो."

म्हणून त्याचा स्वभाव एका दिवसात बदलला, असं समजू नका. एकदा त्याने जुन्या, पिकलेल्या फणसाच्या खोडातून एक कर्णा केला. त्यावर तो तीन आठवडे राबला होता. आजवरचा हा आपला सगळ्यांत चांगला कर्णा, अशी त्याची खात्री होती. मालनने तो ऐकला. पुन्हा ऐकला. मग ती हळूच म्हणाली, "नाही, मामा."

अंतूच्या भुवया वर चढल्या. कानाच्या पाळ्या तापल्या. तोंड उघडलं. दारात चहाचा कप घेऊन आलेली हौसाबाई जागच्या जागी थांबली.

अंतूने तोंड मिटलं. एक लांब श्वास घेतला. कानस उचलली आणि तो कर्ण्यावर वाकला.

"कुठं?" त्याने विचारलं.

तात्पर्य: आपली खोट बहुधा आपल्यालाच ऐकू येत नाही, म्हणून ती सांगणाऱ्यावर जो रागावत नाही, उलट त्याला विचारतो, त्याचंच काम आणि त्याचंच नाव टिकतं.